एका हाताने उघडेल असा पंप

आमची घरगुती बिअर करायला पंप घ्यायचा, हे माझ्या जुन्या मित्राने, लायलने, माझ्या स्वयंपाकघरात, माझीच कॉफी पीत जाहीर केलं. माझा डावा हात तेव्हा खांद्याच्या ऑपरेशननंतर गळ्यातल्या झोळीत लटकत होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की यापुढे त्या हाताने जड म्हणून काही उचलायचं नाही. मला वाटलं होतं, लायल म्हणेल, आधी बरा हो, मग बघू. तर हा म्हणतो, मग आता पंपच घ्यावा लागणार, नॉर्ब. म्हणजे मी अंथरुणातून धड उठलोही नव्हतो आणि माझ्या जागी दुसरा नेमूनही झाला होता.

आमच्या बिअरची सगळी गंमत त्या उचलण्यातच होती. लायलच्या गॅरेजमध्ये तीन पायऱ्यांची लोखंडी मांडणी आहे. वरच्या पायरीवर गरम पाण्याचा हंडा, मधे भरडलेल्या बार्लीचा, खाली उकळायचा. वरून पाणी सोडलं की ते बार्लीतून झिरपत, गोड होत खाली येतं. खाली ते आपोआप येतं, वर मात्र कुणीतरी न्यावं लागतं. शेगडी जमिनीवर, त्यामुळे तापलेला हंडा दोघांनी दोन बाजूंनी धरून छातीइतका उंच चढवायचा. लायल "एक, दोन, तीन" म्हणायचा आणि दोनलाच उचलायचा. मी तीनची वाट बघत राहायचो, आणि गरम पाणी माझ्या बुटात. मी शिव्या घालायचो, तो हसायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघं शेबॉयगनच्या एका फर्निचर कारखान्यात होतो. अंगात रग होती आणि डोक्यात उजेड नव्हता. हंडे म्हणजे बिअरची जुनी पिंपं, लायलने झाकणं कापलेली. पहिल्या खेपेला आम्ही बाटल्या घाईने, आंबणं संपायच्या आतच भरल्या आणि माझ्या तळघरात त्या एकामागून एक फुटल्या. माझ्या बायकोला, डोनाला, वाटलं हीटरचाच स्फोट झाला. ती पोराला उचलून घरातल्या कपड्यांनिशी बर्फात जाऊन उभी राहिली. पुढे कितीतरी वर्षं ती लायलला दारातच विचारायची, आज पांघरूण घेऊन बसू का बाहेर? लायल म्हणायचा, आजच्याला नको, वहिनी, आज नुसतंच आंबवायचंय.

मग हळूहळू जमायला लागलं. लायलच्या मुलीच्या, बेथच्या लग्नात आमची काळी बिअर संपली तेव्हा लोक पिंप तिरपं करून बघत होते. आणि लायलची बायको रोझमेरी गेली, त्या आठवड्याच्या शनिवारीही आम्ही शेगडी पेटवली. सबंध दिवस तो एक शब्द बोलला नाही. फक्त हंडा उचलताना "एक, दोन" म्हणाला. त्या गॅरेजमध्ये भिजलेल्या बार्लीचा गरम, गोडूस वास कोंडायचा, घरी गेल्यावरही शर्टाला यायचा. तो वास आठवला की मला अजून गलबलून येतं, उगाच कशाला लपवू.

तर अशा माणसाने मला काढून माझ्या जागी पंप नेमला होता. मार्चमधल्या एका सकाळी आम्ही बिअरच्या सामानाच्या दुकानात गेलो. गाडी मीच चालवली, एका हाताने. त्या हिवाळ्यात लायलने चालवणं सोडलं होतं, पेट्रोल परवडत नाही म्हणे. तसा तो एकूणच ऐदी झाला होता. थर्मामीटर वाचायलासुद्धा मलाच हाक मारायचा.

दुकानातल्या क्रिस्टाने तीन पंप काउंटरवर मांडले. नीट समजावून सांगितलं. हे पंप पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून पंप हंड्याच्या खाली बसवायचा, म्हणजे पाणी आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत येतं. आत हवा अडकली तर नुसता घुमत बसतो, ती आधी बाहेर काढायची. कोरडा कधी चालवायचा नाही. धार कमीजास्त करायची ती बाहेरच्या तोंडाच्या नळाने, आतल्या नव्हे. मी म्हटलं, याच्यापेक्षा मी बरा, मला फक्त सँडविच लागायचं. ती हसली.

लायलला हसायला वेळ नव्हता. एकट्या माणसाला झेपेल ना, त्याने विचारलं. मग थोड्या वेळाने पुन्हा, अगदी एकट्याला? क्रिस्टा म्हणाली, आरामात. मग त्याने पंप उलटासुलटा करून, बोटांनी चाचपत विचारलं, धुवायला उघडायचा झाला तर एका हाताने उघडेल का?

माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "दोन्ही हात धडधाकट आहेत की तुझे. दुसऱ्या हाताने काय ग्लास धरणार? बसा, तू आणि तुझा पंप, नवा संसार मांडत." आणि बाहेर येऊन गाडीत बसलो. त्या क्षणी मला लायलचा खरोखर राग आला होता, लहान पोराला येतो तसा.

तो बऱ्याच वेळाने आला. फुटपाथची कड त्याला चुकली, तोल गेला, आणि दाराची मूठ त्याने हाताने शोधली. आत बसला आणि समोरच्या काचेतून बघत राहिला.

"बेथकडे चाललोय. टूसॉनला. ईस्टर झाला की."

किती दिवस, मी विचारलं.

"हंडे तुझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवायचे म्हणतोय. त्यावरून समज."

मग त्याने डोळ्यांचं सांगितलं. कडेकडेचं दिसतं, मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणाले, तो वाढतच जाणार. "तुझं थोबाड दिसत नाही, तेवढंच सुख," तो म्हणाला. मला हसू आलं नाही. सगळा हिवाळाभर हा माणूस मला आकडे वाचायला लावत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होतो.

"आणि एका हाताचा पंप मला कशाला लागतो, बैला? मला दोन आहेत. खांदा तुझा गेलाय."

मी म्हणालो, मला नकोत तुझे हंडे. एकट्याने बिअर करायला मी काही दारुडा नाही. त्याने मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाला, "मग मी तिथे वाळवंटात बसून शनिवारचा काय विचार करू? नॉर्ब आत्ता काय करत असेल, असा? टीव्ही बघतोय, असा?"

आम्ही परत आत गेलो. मी झोळीतला हात तसाच ठेवून, काउंटरवर तिन्ही पंप उजव्या हाताने उघडून बघितले. पहिल्या दोघांना चार चार स्क्रू होते. तिसऱ्याला एकच पट्टा, एक चावी फिरवली की तोंड सुटं. तो घेतला.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी आम्ही माझ्या गॅरेजमध्ये सगळं उभं केलं. म्हणजे मी उभं केलं. लायल खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मी इथे नाही असं समज. टूसॉनहून मी काही हात घालू शकणार नाही, तेव्हा आत्ताच सवय लाव. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून ठेवले होते.

गळतीबिळती बघायला मी आधी खालच्या हंड्यात साधं थंड पाणी भरलं. बटण दाबलं. पंप घुमला, पाणी जागचं हललं नाही. मी लायलकडे बघितलं. त्याला कारण ठाऊक होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण तो गप्प. मी पंप बंद केला, बाहेरची नळी सोडून खाली धरली. आतली हवा गुळगुळ करत निघाली, मागोमाग पाणी आलं. नळी वर जोडली, पुन्हा बटण दाबलं, आणि पाणी सरसर चढून वरच्या हंड्यात पडायला लागलं. कुणी उचललं नाही, कुणाच्या बुटात सांडलं नाही.

"चढलं का?" लायलने विचारलं.

हंड्यात पाणी पडल्याचा आवाज गॅरेजभर घुमत होता. त्याचे डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते.

"नाही रे," मी म्हणालो. "काहीतरी अडलंय. ये बरं जरा, हात लाव."

त्याने मांडीखालचे हात काढले, उठला, भिंत धरत आला. नळीवर हात ठेवला. ती थरथरत होती, आतल्या पाण्याने गार पडली होती. चाचपत त्याने नळ शोधला, किंचित बंद केला, परत होता तेवढा उघडला.

"आता?"

"आता चढलं," मी म्हणालो.

"बघ. माझ्याशिवाय पान हलत नाही तुझं."

"नाहीच हलत," मी म्हणालो. त्याने नळीवरचा हात काढला नाही, आणि वरचा हंडा भरून जमिनीवर वाहायला लागला तरी मी पंप बंद केला नाही.