अधिक महिन्याची मुदत

सोलापुरात पुढल्या जूनपासून कायद्याचा वर्ग निघणार होता आणि त्यासाठी एकच अध्यापक नेमायचा होता. अर्जदारांपैकी शेवटी दोघे उरलो: अक्कलकोटचे यज्ञेश्वर वकील आणि मी. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन मला तीन वर्षे झाली होती. पण न्यायाधीशासमोर उभा राहिलो की माझा आवाज घशातच विरून जाई, म्हणून एका शाळेत मुलांच्या वह्या तपाशीत होतो. वर्गात मात्र मला बोलता येई. कायद्याच्या सावलीत राहण्याची ही एकच वाट मला उरली होती.

निवडसमितीचे अध्यक्ष आबासाहेब हे शहरातले जुने दिवाणी वकील. त्यांनी तीन कसोट्या ठरवल्या होत्या. उमेदवाराचा छापलेला एक लेख वाचायचा, त्याचा एक तास ऐकायचा, आणि भवानी पेठेतल्या एका खोलीत शनिवारी गोरगरिबांना मोफत सल्ला दिला जाई, तिथे त्याला बसवून पाहायचे. "पक्षकाराशी ज्याला बोलता येत नाही, तो वकील काय घडवणार?" असे ते म्हणत. पहिल्या दोन कसोट्यांत मी पुढे असल्याचे समितीतले चन्नप्पा वकील जिना चढता चढता माझ्या कानात सांगून गेले होते. यज्ञेश्वरांची बैठक मागच्या शनिवारी निर्विघ्न झाली होती.

तो १९३६च्या नोव्हेंबरातला पहिला शनिवार. दिवाळीला आठवडा उरला होता. गल्लीतून हातमागांवर धावणाऱ्या धोट्यांचा एकसारखा खटखटाट वर येत होता, जणू कुणी न थांबता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असावे. आबासाहेब आणि चन्नप्पा भिंतीशी खुर्च्या टाकून बसले. माझ्यासमोर सतरंजीवर एक विणकर बाई येऊन बसली. नाव कमलम्मा. पाठीवरून घेतलेल्या पदराला सुताचा कोंडा चिकटला होता.

"दिरानं माग नेला माझा," ती म्हणाली. "नवरा गेला, त्याच सालच्या भाऊबीजेला नेला. तीन वर्सं व्हायची हायत अजून. शेजारीण म्हनली, तीन वर्सांच्या आत कोर्टात जायला लागतं. म्हनून दिवाळीच्या आधी आले की."

हातमाग म्हणजे त्या घराचा श्वास, हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी मला मागही दिसला नाही आणि बाईही दिसली नाही. मला दिसला माझा लेख. पुण्याच्या एका कायदेविषयक मासिकात छापून आलेला तो लेख नेमका याच विषयावर होता: लोक मुदत तिथीने मोजतात आणि कायदा ती इंग्रजी तारखेने मोजतो.

मी कपाटातली जुनी-नवी पंचांगे उघडली. त्या साली, म्हणजे १९३३त, भाऊबीज वीस ऑक्टोबरला होती. मधल्या तीन वर्षांत दोन अधिक महिने पडले, परवापरवाचा भाद्रपद त्यातलाच. त्यामुळे यंदाची भाऊबीज नोव्हेंबरच्या मध्यावर सरकली होती. बाईची तीन वर्षे अजून पुरी व्हायची होती. कायद्याची तीन वर्षे अठरा दिवसांपूर्वीच संपली होती.

"बाई, मुदत गेली," मी म्हणालो. माझा आवाज स्वच्छ उमटला आणि त्याचेच मला नवल वाटले. "आता दावा चालणार नाही."

"अय्यो, दिवाळी आली न्हाय अजून!"

"कोर्टाला अधिक महिना नसतो, कमलम्मा," चन्नप्पा हसून म्हणाले. "त्यांचा धोंडा बारा महिने."

आबासाहेबांनी माझ्या अर्जावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले आणि ते समाधानाने मागे रेलले. ती जागा मिळाल्याची जाणीव हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हासारखी माझ्या अंगावर पसरत गेली.

बाई उठली. आबासाहेब तिला म्हणाले, "इतकी वर्षं गप्प का बसलात?"

ती दारात वळली. "गप्प? दर सनाला मागते की मी! मी काय चोराला दिला का माग? माज्या हातानं सुटा करून दिला. म्हनलं, घर गळतंय, पोरगं ल्हान हाय, ते मागावर बसाय लागंपर्यंत संभाळ. व्हय म्हनला. दर खेपंला देतो, देतो. आन् यंदा उगादीला, तुमच्या पाडव्याला, म्हनतो कसा, माग माजाच हाय. वकील म्हनं! इचारलं का कुनी?"

कुणीच विचारले नव्हते. विचारायचे मला होते.

सांभाळायला दिलेली वस्तू परत मागण्याची मुदत तीन वर्षांची नसते, तीस वर्षांची असते. ते कलम मला तोंडपाठ होते. तिने 'नेला' म्हटले आणि मी तारीख शोधायला धावलो. कसा नेला, हे विचारायला थांबलो नाही. आबासाहेबांचे तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. ते माझा अर्ज घडी करीत होते. मी गप्प राहिलो असतो तर ती जिना उतरून गेली असती.

"थांबा," मी म्हणालो. "माझं चुकलं. दावा चालेल."

आबासाहेबांची बोटे थांबली. मी कलम सांगितले. त्यांनी ते मनाशी तपासून पाहिले आणि मान हलवली.

"कलम बरोबर आहे. पण एका घटकेत दोन उत्तरं! वर्गात चाळीस मुलांसमोर असं झालं तर?"

"तर चुकलो म्हणून सांगेन."

"ती शहाणी आहे म्हणून दारात बोलली. दुसरी एखादी मुकाट्याने घरी गेली असती," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. "यज्ञेश्वरांना पत्र जाईल. तुम्हांला आत्ताच सांगितलेलं बरं."

"आबासाहेब, लेख तरी..." चन्नप्पांनी सुरुवात केली.

"लेख उत्तम आहे."

दोघे जिना उतरून गेले. कमलम्मा अजून दारातच उभी होती. कोण हरले, कोण जिंकले, हे तिला समजले नसावे. मी तिला बसायला सांगितले आणि कोरा कागद पुढे ओढला.

"तुमच्या यजमानांचं नाव?"

तिने मान खाली घातली. मी पुन्हा विचारले नाही, थांबलो. ती उठून खिडकीपाशी गेली आणि खालच्या मागावरच्या बाईला तिने तेलुगूत हाक मारली. एक धोटा थांबला.

"नरसय्या!" खालून आवाज आला.

मी लिहिले.