मयतीहून परस्पर

"काळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय," ओठांत पिना धरून मेइ-हुइ म्हणाली. "नऊला मयत आहे. शेतकरी संघाच्या अध्यक्षांची आई."

थू वेन-श्यांग मुलीच्या वेणीत गुंतला होता. सात वर्षांची निंग-निंग एका हाताने अंड्याची पोळी खात होती आणि प्रत्येक घासाला मान हलवून केलेली वेणी सोडवत होती.

"आज गुरुवार आहे," तो म्हणाला.

"मग?"

"लिएन आजी. तीन वर्षं नाही-नाही म्हणत होत्या. आज ये म्हणाल्यात. एकदाच सांगेन, पुन्हा विचारायचं नाही म्हणाल्यात."

"त्या अकराला ना? मयत दहाला आटपेल. माझी बजेटची सभा आहे, मी कशी जाऊ? अध्यक्षांच्या आईच्या मयतीत आपल्याकडचं कुणी दिसलं नाही, तर नोव्हेंबरात माझीच मयत निघेल."

निंग-निंगचा घास थांबला. "आई, तू मरणार?"

"निवडणुकीत गं. खा तू."

आमच्या गावात लोकप्रतिनिधीने रस्ता केला नाही तरी एक वेळ लोक विसरतात, पण मयतीला आला नाही हे तीन पिढ्या लक्षात ठेवतात. मेइ-हुइ दोनदा निवडून आली होती ती या गोष्टीची जाण ठेवूनच. घरात कामाची वाटणी झाली होती: लग्नं तिची, मयती नवऱ्याच्या. लग्नात जेवायला मिळतं म्हणून तिने ती घेतली, असं वेन-श्यांग म्हणायचा. खरं कारण असं की लग्नात सारखं हसावं लागतं आणि ते त्याला जमत नाही. मयतीत पुकारणारा ध्वनिक्षेपकावरून "प्रतिनिधी यान मेइ-हुइ" असं नाव घेई आणि हा उंच, वाकलेल्या खांद्यांचा, चष्मेवाला गृहस्थ पुढे होई. गावातल्या म्हाताऱ्या त्याला गमतीने "मेइ-हुइ" म्हणूनच हाक मारत. तो 'ओ' देई.

तसा तो इतिहासाचा डॉक्टर. शहरातल्या विद्यापीठात कंत्राटावर शिकवत होता, मूल झाल्यावर ते सोडून गावी आला आणि आमच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याचा इतिहास लिहायला बसला. बसला म्हणजे काय, पोरीला शाळेत सोडून आणि मयत उरकून जो वेळ उरे त्यात बसला. एक प्रकरण लिहायला त्याला वर्ष लागे. तोवर त्या प्रकरणातलं कुणीतरी जाई, आणि ज्याच्याकडे प्रश्न घेऊन जायचं त्याच्या फोटोपुढे हा बायकोच्या नावाने जाऊन उभा राही. उसाच्या छोट्या रेल्वेचा शेवटचा ड्रायव्हर असाच गेला. रात्रपाळीच्या बायकांची मुकादमीणही गेली. हे दुःख त्याला कुणापाशी बोलता येत नसे, कारण मयतीत तो एकटाच स्वतःच्या पुस्तकासाठी रडतोय हे कुणाला सांगणार?

लिएन आजी मात्र होत्या. नव्वदी केव्हाच ओलांडलेली, कान थोडे गेलेले, डोकं लख्ख. त्यांचा थोरला भाऊ थिएन-शेंग कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता. त्या काळी काटामारी सगळीकडे चाले, शेतकऱ्याची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन आपोआप घटे. हा एक पोरगा खरं वजन सांगायचा, एवढंच नाही तर शेतकऱ्यांना आकडे वाचायला शिकवायचा. सत्तर वर्षांपूर्वी, लष्करी कायद्याच्या दिवसांत, एका सकाळी सरकारची दोन माणसं आली, दोन प्रश्न विचारायचेत म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. पुढे त्याला राजधानीत गोळी घातली, हे सरकारी दप्तरात अर्ध्या ओळीत आहे आणि गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या घरात मात्र कुणी कधी ते नाव काढलं नाही. दप्तरात वेन-श्यांगला त्याचं मरण सापडलं होतं. माणूस सापडत नव्हता. तो आता जगात एकाच डोक्यात शिल्लक होता.

मयत दहाला आटपली नाही. अध्यक्षांची आई म्हटल्यावर दोन आमदार आले, दोघेही बोलले. दुसऱ्याने तर गेलेल्या बाईंपेक्षा नव्या पुलाबद्दल जास्त सांगितलं. वेन-श्यांगने फोटोपुढे रिवाजाप्रमाणे तीनदा वाकून घेतलं, परतीची भेट म्हणून मिळालेला टॉवेल स्कूटरच्या पुढच्या जाळीत टाकला आणि निघाला. साडेअकरा वाजून गेले होते. निंग-निंगची शाळा बाराला सुटते, आजींचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, तेव्हा तिने सुटल्यावर तिकडेच यायचं असं ठरलं होतं.

फाटकाशी आजींची सून श्यु-चेन उभी होती. साठीची बाई, हातात भाजी निवडायचं सूप. तिने त्याचा काळा शर्ट बघितला, मग जाळीतला टॉवेल बघितला.

"थू सर, कुठून आलात?"

त्याला तेव्हा कुठे उमगलं. मयतीहून निघालेल्या माणसाने परस्पर कुणाच्या घरी जायचं नसतं, विटाळ लागतो, त्यातून म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाच्या तर नाहीच. खिशात वडाची पानं ठेवायची, ती वाटेत टाकायची, एखाद्या गजबजलेल्या दुकानातून चक्कर मारायची, मग घरी जाऊन अंघोळ. पानं एरवी मेइ-हुइ खिशात ठेवायची, आज ती बजेटच्या गडबडीत विसरली. आणि गंमत म्हणजे या रिवाजावर जिल्ह्याच्या मासिकात वेन-श्यांगनेच लांबलचक लेख लिहिला होता.

"वहिनी, चुकलंच माझं. घरी जाऊन अंघोळ करून येतो."

"तोवर त्या जेवून झोपतील. मग संध्याकाळी कुणाला ओळखत नाहीत."

"मग उद्या?"

"उद्या हे येतायत काओश्युंगहून. यांना हे काही नकोच आहे. ते नाहीत म्हणून तर मी हो म्हटलं." तिने आवाज खाली आणला. "खरं सांगा सर, हे मतांसाठी नाही ना? आज भावाची गोष्ट विचाराल, उद्या प्रतिनिधी बाईंचा फोटो आमच्या भिंतीवर लावाल."

"नाही लावणार. वाटल्यास मत दुसऱ्याला द्या."

"ते तर देतोच आम्ही," श्यु-चेन म्हणाली. एवढं खरं बोलल्यावर तिलाच ओशाळल्यासारखं झालं असावं. "पण आत नका येऊ. त्यांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

शाळेची घंटा झाली. थोड्या वेळाने निंग-निंग दप्तर उडवत आली आणि बापाकडे धावली.

"शिवू नकोस त्यांना!" श्यु-चेन ओरडली. पोरगी जागच्या जागी थबकली. "तू ये आत. तू कुठे मयतीला गेली होतीस? ये, पेरू देते."

अशी ती मुलाखत सुरू झाली. दाराच्या आत वेताच्या खुर्चीत लिएन आजी, अंगणापलीकडे फाटकाबाहेर इतिहासकार, आणि मधे पेरू खात खेपा घालणारी निंग-निंग. रेकॉर्डर त्याने फाटकावर ठेवला, तिने तो उचलून आजींच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"विचार, थिएन-शेंगमामा कसे होते?"

ती गेली. आली. "बाबा, त्यांना शीळ वाजवता यायची नाही, तरी वाजवायचे. कुत्री भुंकायची."

"काट्यावर काय काम करायचे, विचार."

या खेपेला ती बराच वेळ आली नाही. आतून आजींचं हसणं ऐकू आलं, आणि सूप घेऊन बसलेली श्यु-चेन मान वळवून बघायला लागली. इतक्या वर्षांत तिने ते हसणं ऐकलं नसावं.

"आजी लहान होत्या ना, तेव्हा ते त्यांना उसाच्या काट्यावर उभं करायचे," निंग-निंग धापा टाकत म्हणाली. "आणि म्हणायचे, तीन मोळ्यांपेक्षा कमी भरतेस, तुझे पैसे मिळायचे नाहीत! आणि रताळं भाजलं की करपलेलं त्यांना लागायचं. आणि गाडीवाल्या काकांना आकडे शिकवताना ते चिपाडाने मातीत लिहायचे. आणि बाबा, मला पण काट्यावर उभं राहायचंय."

वेन-श्यांग भराभर लिहून घेत होता. त्याला विलक्षण आनंद होत होता. अर्ध्या ओळीतला माणूस हळूहळू अंगणात येऊन उभा राहत होता, करपलं रताळं खात होता. आणखी चार खेपा झाल्या. त्यात कळलं की भाऊ गेल्यावर घरात दुसरा मुलगा नव्हता, म्हणून लिएन आजींसाठी घरजावई आणला. त्यांचं लग्न दुसऱ्या गावातल्या एका शिंप्याशी ठरलेलं होतं, ते मोडलं.

मग एकच प्रश्न उरला. त्यासाठीच तो तीन वर्षं थांबला होता. थिएन-शेंग गेल्याचं घरी कसं कळलं, आणि कळल्यावर घराने काय केलं?

निंग-निंग फाटकाच्या गजांना धरून उभी होती. हनुवटीवर पेरूची बी चिकटली होती.

"काय विचारू?"

त्याने तोंड उघडलं. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे विचारायचं? आणि उत्तर तिच्याच कानांनी यायचं? सकाळी 'आई, तू मरणार?' म्हणून तिचा घास अडकला होता.

"काही नाही," तो म्हणाला. "झालं आपलं. आजींना सांग, बाबांनी आभार मानलेत. रेकॉर्डर घे आणि ये."

स्वतःशी खोटं कशाला बोला, त्याला वाईट वाटलं. प्रकरण अर्धंच राहणार होतं.

निंग-निंग आत गेली. आजींचा मोठा आवाज बाहेर आला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.

"तुझा बाप आत का येत नाही गं? मघापासून बघतेय, भिकाऱ्यासारखा बाहेर उभा."

"ते मयतीहून आलेत ना. तुम्हाला विटाळ लागेल म्हणून."

 श्यु-चेनने सूप खाली ठेवलं. दारात काठी दिसली, मागून लिएन आजी.

"ए पोरा. ये आत."

"आई, अहो ते परस्पर आलेत..." श्यु-चेन उठली.

"ऐकलं मी. म्हणूनच ये म्हणते." आजींचा आवाज शांत होता. "आमच्या बापाने मानलंच नाही भाऊ गेला म्हणून. देहाशिवाय मयत करायची नाही म्हणाला. देवघरातल्या पूर्वजांच्या पाटीवर नाव घालू दिलं नाही. बाप मेला, आई मेली, माझा माणूस मेला, सगळ्यांच्या मयतीला लोक आले. माझ्या भावाच्या मयतीहून या घरी एकही माणूस आला नाही. तू विटाळ म्हणतेस सूनबाई, मी सत्तर वर्षं त्या विटाळाची वाट बघतेय."

 श्यु-चेनने फाटकाची कडी काढली.

आजींनी आपल्या खोलीतून फोटो आणला, आगपेटीएवढा, कारखान्याच्या ओळखपत्रावरून सोडवलेला. त्यात कान जरा बाहेर आलेला एक मुलगा होता. तो टेबलावर पाण्याच्या फुलपात्राला टेकवून ठेवला. वेन-श्यांगने शर्टाची बटणं नीट केली. इथे कुणी पुकारणारं नव्हतं. निंग-निंगने विचारलं, "बाबा, आईच्या नावाने?"

"नाही," तो म्हणाला. "माझ्याच."

तो वाकला. एकदा, दोनदा, तीनदा.

मयतीला आलेल्याने नमस्कार केला की घरच्यांनी उलट वाकायचं असतं. लिएन आजींनी काठी भिंतीला लावली, टेबलाच्या कडेला घरची माणसं उभी राहतात त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठ जेवढी वाकत होती तेवढी वाकवली. त्यांचा तोल जाईल म्हणून श्यु-चेन धावली. पण तिने सासूला धरलं नाही. हात पुसले, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तीही वाकली.