लुडीनकाकूंच्या अंगणातून मी कसा गेलो

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. एके काळी निळा होतो म्हणतात. आता गंजाचा जो रंग असतो तोच माझा. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, एका चिंचोळ्या खोऱ्यात, लुडीन स्टॅम्पर यांच्या अंगणात मी इतकी वर्षं उभा होतो, की माझ्या बॉनेटखाली कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या नांदून गेल्या.

तरुणपणी काय माझा रुबाब! लुडीनकाकूंचा नवरा हार्लन माझा मालक. कोळसा, तंबाखू, मका, शेजाऱ्यांची वऱ्हाडं आणि शवपेट्या, सगळं मी पाठीवर वाहिलं. एका पुरात तर खोऱ्यातलं लाकडी चर्च मी साखळीने ओढून टेकडीवर नेलं. आत प्रवचन चालू होतं. 'आमेन' म्हणून बाहेर येईपर्यंत पाद्रीबाबांना पत्ताच नाही! खोटं वाटत असेल तर बघून या, चर्च अजून टेकडीवरच आहे.

पुढे हार्लनचे गुडघे गेले आणि मी अंगणात बसलो. आमच्या खोऱ्यात उभी गाडी कुणी भंगारात घालत नाही. ती सगळ्यांची होते. कुणाचं काही मोडलं की पाना घेऊन यायचं आणि हवं ते काढून न्यायचं. विचारायचं नाही, विचारलं तर हार्लनला राग यायचा. माझे दिवे शेजारच्या डोनीच्या गाडीला गेले, रेडिएटर पाद्रीबाबांच्या. स्टार्टर नेला व्हर्जिलने, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या त्याच्या ट्रकला. मला भारी अभिमान वाटायचा. अख्खं खोरं माझ्यावर चालतंय!

मग हार्लन गेला. तेव्हापासून काकू रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन माझ्यात येऊन बसायच्या, शेजारच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी. स्टिअरिंगसमोर कोंबडी बसली की तिला हाकलायच्या. "ऊठ गं भवाने! ती जागा कुणाची, ठाऊक नाही?"

अशात काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीने, नियम काढला. नंबरपट्टी नसलेली, स्वतःहून न हलणारी गाडी रस्त्यावरून दिसेल अशी ठेवायची नाही. बंद शेडमध्ये घाला, नाहीतर हटवा. सभा भरली, हात वर करून मतं घेतली. आणि मित्रांनो, सगळ्यांचे हात वर! डोनीला वाटलं, पाद्रीबाबांचा मोडका ट्रॅक्टर जाईल. पाद्रीबाबांना वाटलं, डोनीची सडकी बस जाईल. ती बस आमच्या काकूंच्याही डोळ्यांत खुपायची. त्यांनीही हात वर केला.

पहिली चिठ्ठी माझ्याच काचेवर चिकटली. चिकटवणारा क्ले हा काउंटीचा तरुण अधिकारी, याच खोऱ्यातला.

"काकू, शेड बांधून घ्या."

"कुठे बांधू? इकडे रस्ता, तिकडे ओढा. तुझ्या डोक्यावर बांधू? आणि ही गाडी नाहीच मुळी, खुराडं आहे."

"खुराड्याला स्टिअरिंग कशाला हो?"

"माझ्या कोंबड्या हुशार आहेत."

क्ले हसला, पण चिठ्ठी काही काढली नाही. "सोमवारी येतो. दिवे लागले आणि गाडी स्वतःहून रस्त्यापर्यंत आली, तर नंबरपट्टी देतो. नाहीतर न्यावी लागेल."

इंजिन माझं शाबूत होतं. नेलेले भाग परत मागायला काकू दारोदार निघाल्या. आल्या की सगळं मला सांगायच्या.

डोनी म्हणाला, "दिवे काढले तर रात्रपाळीला कसा जाऊ, काकू?"

पाद्रीबाबा म्हणाले, "मी प्रार्थना करतो."

"तुम्ही रेडिएटर द्या. प्रार्थना माझी मी करते."

त्यांनी प्रार्थनाच केली.

उरला व्हर्जिल. तो म्हणाला, "स्टार्टर दिला तर माझा ट्रक चालू कसा व्हायचा? सोमवारी कामाला बोलावलंय."

"कुठे रे?"

व्हर्जिलने टोपी काढली, हातात फिरवली. "तुमच्याकडेच, काकू."

सोमवारी माझ्या आसाला आकडा लागला. काकू सीटवरून उतरेनात. क्लेने हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. शेवटी आपल्या आपण उतरल्या, उरलेली कॉफी त्याच्या बुटांवर ओतली आणि आत जाऊन दार लावलं.

व्हर्जिलने किल्ली फिरवली. ट्रक नुसताच खोकला. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकला. तो खोकला मी हजारात ओळखेन. माझाच स्टार्टर! मी मनातल्या मनात ओरडलो, बाबा रे, आज एकदा नाही म्हण! पण आम्ही दोघं नाही म्हणायला शिकलोच नव्हतो. पुढच्या खेपेला ट्रक गुरगुरला आणि माझ्याच ताकदीवर मला माझ्या अंगणातून ओढून घेऊन गेला. वाटेत डोनीची गाडी समोरून आली. भर दिवसा माझे दोन्ही दिवे लावलेले होते. आमच्याकडे अंत्ययात्रेला दिवे लावून वाट देतात, तशी तिने थांबून वाट दिली.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. दाबून चौकोन करणारं यंत्र इथून दिसतं. मित्रांनो, दुसऱ्याच्या अंगणाकडे बघून हात वर कराल, तेव्हा आधी आपल्या अंगणात कोण उभं आहे ते पाहा. आणि ज्याच्या अंगचं काढून नेऊन तुमचं चालतंय, तो आहे तोवर एकदा तरी त्याच्याकडे जा. पाना घरी ठेवून.