उथळ खाच

धाकट्याने उगारलेली कुऱ्हाड तशीच खाली घेतली आणि ओंडक्यावर टेकवलेलं लांब लाकूड मांडीवर ओढलं. अंगठ्याच्या नखाने कड खरवडली, वास घेतला, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवला.

“वहिनी, हे कुठून काढलंत?”

“माळ्यावरून.” वहिनी दोरीवरचे वाळलेले कपडे खांद्यावर टाकत म्हणाली. “तीन वर्षं धूळ खातंय. तुमच्या दादांना विचारलं तर हो नाही की नाही नाही. म्हटलं, निदान आंघोळीचं पाणी तरी तापेल.”

“हे जाळायचं नाही.”

“मग काय, गादीवर निजवायचं का, भाऊजी?”

धाकटा हसला. खिडकीच्या आत, तयार धनुष्याला तेल चोळत बसलेल्या थोरल्याचा हात मात्र थांबला होता.

ते लाकूड त्यानेच माळ्यावर सगळ्यांत मागे सारलं होतं. जाळवत नव्हतं, आणि त्याला पातं लावायचीही छाती होत नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यातल्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की दोघांना एकमेकांचे नुसते आवाज येत होते. धाकटा गावाला सरपण पुरवायचा, थोरला धनुष्यं करायचा. शेंडा वाळलेलं एक झाड धाकट्याने हेरलं होतं. बुंधा असा सरळ, की थोरल्याने सालीवर तळवा ठेवला तो उचलवेना. झाड ज्या बाजूला पडायचं, तिथे आधी खोल खाच घ्यायची आणि मग मागून कापायचं, ही धाकट्याची रोजची रीत. पण खोल खाचेत बुंध्याचं वीतभर चांगलं लाकूड वाया जातं.

“खाच उथळ घे,” थोरला म्हणाला होता.

सरळ रेषेचं लाकूड सरळच चिरतं. म्हणून तर त्याचं धनुष्य होतं. मागचा काप निम्म्यावर आला आणि बुंधा खालून वर उभा फाटला. त्याचा मागचा अर्धा भाग उसळून धाकट्यावर आला. थोरल्याला त्या क्षणाचा आवाज कधीच आठवला नाही. धुक्यात पांढरंशुभ्र लाकूड उघडं पडलेलं तेवढं आठवायचं. ते इतकं सुंदर होतं, की आधी त्याची नजर तिकडे गेली आणि मग भावाकडे. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

पाय वाचला, पण चार बोटं आखूड झाला. शुद्धीवर आल्यावर धाकटा म्हणाला, की झाडापाशी पोचल्यानंतरचं काहीच आठवत नाही. पुढे तो भावाकडेच राहायला आला. बसल्या बसल्या जळण फोडून द्यायचा, वहिनीशी थट्टा करायचा. झाडाचा विषय थोरल्याने काढला नाही. त्यानेही नाही.

आता तो काठी टेकत दारात उभा होता. काखेत ते लाकूड.

“करू या का याचं?”

“चिरलेलं आहे ते,” थोरला म्हणाला.

“रेषेतून चिरलंय, आडवं नाही. बघ तरी.”

थोरल्याने बघितलं. मग तेलाचं फडकं बाजूला ठेवलं.

पुढचे दहा-बारा दिवस दोघांच्या दुपारी त्या खोलीत विरघळून गेल्या. खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात लाकडाची धूळ तरंगत राहायची. पात्याखालून निघणाऱ्या ढलप्या वळत वळत धाकट्याच्या पायांवर साचायच्या. तो त्या झटकायचा नाही. मधेच त्याचे डोळे मिटायचे, पण पात्याचा सूर बदलला की आपोआप उघडायचे.

धनुष्याच्या पाठीला एका वर्षाच्या वाढीचं वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहावं लागतं. सगळ्यांत बाहेरचं होतं त्या हिवाळ्याआधीच्या पावसाचं. थोरल्याने ते आधी काढून टाकलं. मग त्याच्या आतलं. धाकटा टोकाशी वाकून वलयं मोजत होता.

“हे आई गेली त्या वर्षाचं. केवढं बारीक आहे बघ. आणि हे जाड, तुझं लग्न झालं तेव्हाचं.”

“माझ्यामुळे झाडसुद्धा सुटलं म्हणायचं,” दारातून आवाज आला. वहिनी चहाचे पेले घेऊन आली होती. पेले ठेवून ती थोडा वेळ तिथेच टेकली. तीन वर्षांत नवरा पहिल्यांदाच कामाच्या तंद्रीत गुणगुणत होता, हे तिच्या ध्यानात आलं. ती उठून पाय न वाजवता गेली.

शेवटी धनुष्य भिंतीवरच्या खुंटीत बसवलं. खाली कप्पीतून दोरी घेतली. एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने लांबून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात की नाही. थोरला ओढत होता. समोर स्टुलावर बसून धाकटा डोळे किलकिले करून पाहत होता.

“डावी ताठ आहे.”

थोरल्याने डावीकडून केसभर लाकूड खरवडलं. पुन्हा ओढलं.

“अजून जरा.”

पुन्हा खरवडलं. उजेड कलत होता, भिंतीवर धनुष्याची सावली वाकत होती, सरळ होत होती. थोरल्याचे हात चालू होते आणि त्याच लयीत तोंडातून शब्द निसटले.

“मी तुला सांगितलं होतं. खाच उथळ घे म्हणून.”

धाकटा धनुष्याकडेच बघत राहिला.

“ऐकू आलं होतं मला,” तो म्हणाला.

“तू तर काहीच आठवत नाही म्हणाला होतास.”

“हां. म्हणालो होतो.”

थोरला तसाच उभा राहिला. हातातलं पातं कुठे ठेवावं ते त्याला सुचेना.

“पण तू सांगितलंस म्हणून नाही घेतली काही,” धाकटा म्हणाला. “मलाच घाई होती त्या दिवशी. आणि दादा, तुझं मी कधी ऐकलंय का?”

बोलताना त्याने काठीने पायावरच्या ढलप्या एकीकडे सारल्या. आवाज नेहमीचाच होता, वहिनीची थट्टा करताना असायचा तसा.

थोरला आठवू लागला. ओढ्यात उतरू नको म्हटलं, तेव्हा काठावर बसून राहिलेला धाकटा. शाळा सुटल्यावर इथेच थांब म्हटलं, म्हणून अंधार पडेपर्यंत फाटकाशी थांबलेला. वडिलांचा धंदा मी बघतो, तू सरपणाचं काम धर, असं म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी नवी कुऱ्हाड घेऊन आलेला. तो वर्षांमागून वर्षं मागे जात राहिला. आपलं त्याने ऐकलं नाही, असा एक तरी दिवस शोधत राहिला.

“ओढ ना,” धाकटा म्हणाला. “उजेड आहे तोवर बघून घेऊ.”

थोरल्याने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली.