बॉनेटवरचा लाल दोरा

“देखो! आँखें फाड़ के देखो! कहाँ है धुआँ?”

यंत्रगिरी महाराज लाल गाडीच्या मागे उकिडवे बसून सायलेन्सरकडे बोट दाखवत ओरडले, आणि बरखेडा टाउनशिपमधल्या आमच्या गल्लीत जमलेली सगळी डोकी एकदम खाली वाकली. धूर खरंच नव्हता. कालपरवापर्यंत ही गाडी सुरू झाली की निळ्या धुराने अख्खी गल्ली खोकायची. आज ती गुमान गुरगुरत उभी होती. कुणी नारळ फोडला, कुणी चाकापुढे लोटांगण घातलं, कुणाच्या आजीने बंपरला हळदकुंकू वाहिलं.

आणि लोटांगण घालणारे कोण, तर टर्बाइन बनवणारे! टाउनशिपच्या कारखान्यात वीजकेंद्रांसाठी खोलीएवढाली टर्बाइनं घडवणारे इंजिनियर, फोरमन, ड्राफ्ट्समन. मी टाउनशिपच्या शाळेत विज्ञान शिकवते, यांच्याच पोरांना. त्या सकाळी वाटलं, पोरांना सुट्टी द्यावी आणि या बापांना वर्गात अंगठे धरून उभं करावं.

गाडी माझ्या धाकट्या बहिणीच्या, विमलच्या नवऱ्याची. गजाननराव टर्बाइन विभागात इंजिनियर. परदेशातल्या एका वीजकेंद्राच्या उभारणीवर राबून आले आणि येताना ही दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊन आले. तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चिमुकलं चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मग गाडी सुसाट सुटते. हा दांडा इतक्या भयंकर वेगाने फिरतो की त्याला सतत तेल मिळावं लागतं. गजाननरावांच्या टर्बोची तेल अडवणारी सीलं झिजली होती. तेल गळायचं, जळायचं आणि निळा धूर व्हायचा. बस, एवढंच! यात भूत नाही की प्रेत नाही. टर्बो उतरवायचा, दुरुस्त करायचा, नाहीतर नवा बसवायचा. पण सुटे भाग परदेशातून येईपर्यंत गाडी झाकून ठेवायची, एवढा धीर आमच्या जावईबापूंना कुठला!

तेवढ्यात कुणीतरी अवधपुरीत आश्रम थाटलेल्या या महाराजांचं नाव सांगितलं. हे महाराज म्हणे मशीनचे आजार काढतात. गाडीच्या बॉनेटला कान लावून त्यांनी निदान केलं, “बेटा, विलायत में जिसकी ये गाड़ी थी, उसकी आखिरी साँस इस पंखे में अटकी है. नीला धुआँ आत्मा का रंग होता है.” डोंबल आत्म्याचं! तेल जळलं की धूर निळाच होतो, आणि हे गजाननरावांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

गाडी आश्रमात गेली. ‘अनुष्ठाना’च्या वेळी आत कुणाला यायची परवानगी नव्हती. परत आली ती बिनधुराची. बॉनेटभोवती लाल दोऱ्याचे वेढे, आणि त्यावर लटकणारा लाल पत्र्याचा तुकडा. त्यावर लिहिलेलं, ‘काम चालू है’. अट अशी की महाराजांनी सांगितल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही आणि गाडी कॉलनीबाहेर पळवायची नाही. “आत्मा अभी कच्ची है.”

या पत्र्याचं इंगित सांगते. कारखान्यात मशीनवर कुणी काम करत असेल तर तो त्यावर लाल टॅग लावतो. ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने काढून बटण दाबलं तर आतल्या माणसाचा हात जायचा, जीव जायचा. फार शहाणा नियम आहे, आणि या लोकांच्या तो हाडीमाशी भिनलाय. त्या भामट्याने नेमकं तेच हेरलं. नुसता मंतरलेला दोरा असता तर एखाद्याने हळूच बॉनेट उचकून बघितलं असतं. पण लाल टॅग? छे! शेजारचे सुभाषभाऊ, टर्बाइन विभागातले जुने फोरमन, मला गंभीरपणे म्हणाले, “ताई, दुसऱ्याच्या टॅगला आपल्यात हात लावत नाहीत.”

“अहो, पण लावणारा कोण आणि आत काय काम करतोय, एवढं तरी विचारता की नाही?”



हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. गाडी त्यांची, अक्कल त्यांची. पण नारळ फुटला त्या सकाळच्या गर्दीत विमल माझा हात धरून उभी होती. तिला लहानपणापासून दमा, दम लागला की तोंडात औषधाचा फवारा मारायचा पंप कायम कमरेला. तिने माझा हात सोडला, पुढे गेली आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बेटी,” महाराजांनी डोळे मिटले, “जिसने मशीन की साँस खोली, वो तेरी नहीं खोलेगा? पर एक म्यान में दो तलवारें नहीं रहतीं. वो पंप मुझे दे दे.”

तिने कमरेचा पंप काढून त्याच्या झोळीत टाकला आणि लोकांनी जयजयकार केला.  श्वास देणारी वस्तू एक बाई काढून देते आणि माणसं टाळ्या पिटतात!

संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात गाठलं. “विमे, वेड लागलंय का तुला? दसरा तोंडावर आलाय, हवा बदलतेय, आत्ताच तर तुझा दमा उसळतो!”

“ताई, ओरडू नकोस गं. मला कंटाळा आलाय. लग्नकार्यात, देवळात, चारचौघांत पदराआड तोंड लपवून तो पंप ओढायचा. बायका बघतात. एकदा तरी मोकळा श्वास घेऊन बघू दे.”

 तिच्यावर रागावता येईना. राग आला तो तिच्या कंटाळ्यावर जाळं टाकणाऱ्या त्या माणसाचा. डॉक्टरांकडून दुसरा पंप आणला, तर गजाननरावांनी तो दारातूनच परत केला. “ताई, आता मध्ये शंका नको. दसऱ्याला महाराज तिला गाडीत बसवून फेरी काढणार आहेत. त्यानंतर दमा गेलाच म्हणून समजा.”

“दमा जाईल की बहीण जाईल?”

“काहीतरी अभद्र बोलू नका.”

अभद्र मी बोलत होते म्हणे!

दसऱ्याच्या सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाडीला झेंडूच्या माळा, तिच्यात विमल नव्या साडीत बसलेली, बाहेर झांजा. गजाननराव धावत माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. “ताई, चमत्कार! रात्रभर छातीत शिट्टी वाजत होती. सकाळपासून थांबली! या, कान लावून बघा!”

मी खिडकीतून आत डोकावले. आवाज नव्हता, खरंय. पण खांदे वरखाली होत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ जांभळट. “विमे, बोल माझ्याशी.”

“ता...” ती म्हणाली, आणि ‘ई’ला तिच्याजवळ हवा उरली नव्हती.

“हटा सगळे! इस्पितळात न्या हिला!”

“देखा?” महाराज माझ्याही वरच्या पट्टीत ओरडले. “साँस शांत हो गई! बोलो, यंत्रगिरी महाराज की...”

“जय!”

माझी बहीण डोळ्यांदेखत गुदमरत होती आणि गर्दी जय म्हणत होती. मी गजाननरावांची कॉलर धरली. जावयाची कॉलर, भर गल्लीत, दसऱ्याच्या दिवशी! “तिचे ओठ बघा. ओठ बघा म्हणते!” त्यांनी बघितले. माणूस पांढराफटक पडला. गाडीत उडी मारून त्यांनी इंजिन सुरू केलं, मी स्वतःला विमलच्या मागे कोंबून घेतलं, आणि आश्रमातून आल्यापासून पहिल्यांदा त्या गाडीचा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला.

कॉलनीच्या वळणापर्यंत पोचलो. मग बॉनेटखालून लोखंड लोखंडावर घासल्याची किंकाळी आली, धाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच मेली. विमलचं डोकं माझ्या हातावर कलंडलं. नशीब, सुभाषभाऊ आपली गाडी घेऊन मागोमाग येत होते. त्यांच्या गाडीत तिला घातली आणि इस्पितळ गाठलं.

डॉक्टर कमलताईंनी ऑक्सिजन लावला, सुई दिली, वाफेतून औषध सुरू केलं. विमलचे ओठ परत रंगावर यायला लागले तेव्हा त्या गजाननरावांकडे वळल्या. “शिट्टी थांबली म्हणून खूष झालात? अहो, हवा जात-येत असते म्हणून शिट्टी वाजते. हिच्या छातीत हवाच हलत नव्हती, म्हणून आवाज बंद! दम्यात याहून वाईट लक्षण नाही. आणखी थोडा उशीर केला असतात तर तुम्ही हिला घेऊन माझ्याकडे नाही, सुभाषनगरच्या विश्रामघाटावर, स्मशानात गेला असतात.”

गजाननराव भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना उठवलं. “रडायला पुढे वेळ आहे. पाना घेऊन चला माझ्याबरोबर.”

वळणावर गाडीभोवती गर्दी जमलीच होती आणि मधोमध महाराज उभे. तोंड अजून चालूच होतं. “आत्मा बेटी के प्राण लेने वाली थी! मैंने संकट गाड़ी पर ले लिया. गाड़ी ने बलिदान दिया!”

ऐका! बहीण वाचली ती डॉक्टरांमुळे, आणि श्रेय घेतंय कोण, तर हा! मी पर्समधली कात्री काढली आणि बॉनेटवरचा दोरा कापायला घेतला.

“ताई, टॅग...” सुभाषभाऊ पुटपुटले.

“टॅग आतल्या माणसाचा जीव वाचवायला असतो, सुभाषभाऊ. इथे आतल्या माणसाचा जीव घ्यायला लावलाय!” मी पत्रा भिरकावून दिला. कुणी अडवलं नाही.

गजाननरावांनी बॉनेट उघडलं. कारखान्यातच विसरून आलेला त्यांच्यातला इंजिनियर तेव्हा कुठे जागा झाला. त्यांनी टर्बोकडे तेल नेणारी बारीक नळी सोडवली आणि तिचं तोंड उजेडाकडे धरलं. नळीच्या तोंडात बेअरिंगचा पोलादी छर्रा ठोकून बसवला होता. मग त्यांनी टर्बो उतरवला. दांडा तुटलेला, कडेने तापून निळाकाळा पडलेला, चाकाची पाती उडून इंजिनात गेलेली. कारखान्यातले सगळे पुढे सरसावले. तेलावाचून जळालेला दांडा त्यांना दाखवावा लागत नाही, ते झोपेतही ओळखतात.

“तेलच बंद केलं,” गजाननराव हळूच म्हणाले. “तेल नाही, म्हणून गळती नाही. गळती नाही, म्हणून धूर नाही. धूर थांबला आणि टर्बो कोरडा जळत राहिला.”

“म्हणून पळवू नका म्हणत होता!” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले. “आत्मा कच्चा नव्हता, दांडा मरायला टेकला होता. धूर ही गाडीची तक्रार होती, याने तिचं तोंड दाबलं. विमलच्या बाबतीतही तेच केलं. रोग बरा केला नाही, ओरड बंद केली!”

सुभाषभाऊंनी तो छर्रा तळहातावर घेऊन महाराजांच्या नाकासमोर धरला. “महाराज, ये गोली आत्मा ने ठोकी क्या?”

महाराज मागे सरकले. गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर अशोका गार्डन वस्तीत गॅरेज चालवायचा! दाढी नव्हती तेव्हा!” म्हणजे अडाणीपणाने नाही, पुरतं समजून-उमजून केलं होतं. पळायला निघाला तसा लोकांनी धरला. मारू नका, पोलिसांत द्या, असं मीच ओरडले, नाहीतर मघाशी जय म्हणणारेच त्याला तुडवणार होते. ओढाताणीत झोळी रस्त्यावर उपडी झाली. विमलचा पंप पडला. त्यामागून कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाच्या साखरेच्या, फिट येणाऱ्या कुणा पोराची औषधाची बाटली. लोक आपापली औषधं ओळखून मुकाट्याने उचलायला लागले.  किती घरांत हा मरण वाटून आला होता!

संध्याकाळी विमलची ऑक्सिजनची नळी काढली. गजाननराव पलंगाशी मान खाली घालून उभे होते.  ती न थांबता, एका श्वासात बोलली, “तुम्ही सगळे धुराकडे बघत होता. सकाळी मी त्या गाडीत बसले होते, तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलं का हो?”

रस्त्यावरून उचलून आणलेला तिचा पंप गजाननरावांनी तिच्या हातात ठेवला. तिचा प्रश्न मात्र मलाही होता, सगळ्या गल्लीलाही होता.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात कुणी पंप, गोळ्या, इंजेक्शन कुणाच्या शब्दावर सोडत असेल तर गप्प बसू नका, कॉलर धरावी लागली तरी धरा. त्रास दिसेनासा झाला म्हणजे तो गेलाच असं नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारा. आणि जो कुणी ‘उघडून बघायचं नाही’ म्हणेल, त्याच्यासमोरच उघडून बघा.