नकाराचं कारण

विद्यापीठाच्या आवारात अँग्लिकन चर्चचं एक कॉलेज होतं. वयाने विद्यापीठाहून थोरलं. पुढे विद्यापीठाने ते सामावून घेतलं, तरी प्रार्थनामंदिर आणि प्राचार्य नेमायचा हक्क चर्चकडेच राहिला. कॉलेजला सव्वाशे वर्षं होत आली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम निवृत्त ग्रंथपालांच्या गळ्यात पडलं. ते तिथेच शिकले होते, तिथेच पिकले होते.

संस्थापक बिशप, विलीनीकरणाची भांडणं, सगळं झरझर लिहून झालं. ‘मुलींना प्रवेश’पाशी मात्र गाडी अडली. इतिवृत्तात काय असेल याची धास्ती होतीच, आणि तेच निघालं. एका मुलीचा पहिला अर्ज, प्राचार्य अनुकूल, पण घरची संमती नसल्याचं तिच्या भावाने कळवल्यावरून अर्ज नामंजूर.

तो भाऊ म्हणजे हेच. वडिलांनी तर आनंदाने होकार दिला होता. पण हुशार ताई आपल्याच कॉलेजात येऊन बसणार, पोरं हसणार, या भीतीने त्यांनी प्राचार्यांना एका दमात सांगून टाकलं होतं, की घरचे नाही म्हणतात. घरी नुसता नकार आला, कारण न देता. मुलींसाठी दार उघडलं ते पाच वर्षांनी. तोवर ताई विमा कचेरीत टंकलेखक झाली होती.

तीन दिवस त्या नोंदीची नक्कल खिशात घेऊन फिरल्यावर ते ताईकडे गेले. ती मटार सोलत होती. तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

“बाबांनी माझ्यासाठी सायकल बघून ठेवली होती,” ती म्हणाली. “पन्नास वर्षं मी त्या पाद्री प्राचार्याला शिव्या घातल्या. तुझ्यासमोर बसून. तू मान डोलवायचास.”

“हो.”

“छाप हे. ‘एक भाऊ’ असं मोघम नको, तुझं नाव घाल.”

त्यांनी घातलं. हल्लीच्या प्राचार्यांनी ते वगळायचं सुचवलं, ते त्यांनी ऐकलं नाही. प्रकाशनाच्या दिवशी वक्त्यांनी त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई आली नव्हती.

आठवड्याने भाची पुस्तक न्यायला आली. त्यांनी सवयीने पहिलं पान उघडलं.

“मामा, सही नको,” ती खाली बघत म्हणाली. “आईने सांगितलंय.”

त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.