काय विचारलं गं?

ऐक ना, आधी नुसतं ऐक! रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये एकच जागा. आमची चष्मिश मुलाखत देऊन बाहेर आली, तर पुढचा नंबर तिच्याच रूममेटचा, लंबूचा! लंबूने हात धरला, "काय विचारलं गं? सांग पटकन!"

कॉलेजात तोंडी परीक्षेला असंच असायचं. आधी सुटेल तिने जिन्यावर बसलेल्यांना सगळे प्रश्न सांगायचे, वर सरांची नक्कल करून दाखवायची. काय दिवस होते गं!

पण चष्मिशला तिच्या दादाने बजावलं होतं, "नोकरी शोधताना मैत्री घरी ठेवायची." तरी तिने सगळं सांगितलं, आपलं कुठे चुकलं तेसुद्धा, अगदी साहेबांच्या आवाजात! दोघी खिदळल्या.

नोकरी लंबूला लागली. तू काय केलं असतंस?